जावई महिन्यात तीनच फेऱ्या करतो, मग एवढा दमतो कशानं?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की ह्याचं उत्तर नीट द्यायला हवं. प्रश्न थोडक्यात असा: जावई मोठ्या विमानावर आहे, मुंबई-न्यूयॉर्क करतो, महिन्यात तीन फेऱ्या, बाकी दिवस नाशिकला येऊन दुपारी बारापर्यंत लोळतो, विमान तर म्हणे ऑटोपायलटच चालवतं, आणि समुद्रावर पायलट चक्क झोपतात असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. तर ह्याला काम म्हणायचं का, आणि लेकीनं काळजी करावी का.

मी हेच काम पस्तीस-छत्तीस वर्षं केलं, शेवटची बरीच वर्षं ट्रिपल सेव्हनवर, म्हणजे बोईंग ७७७ वर, पासष्ट पूर्ण झाली तशी नियमानं सीट सोडली, आता गंगापूर रोडला घरी असतो आणि सकाळी सोमेश्वरपर्यंत चालून येतो. तर जे सांगतो ते त्या सीटवर बसून बघितलेलं आहे.

आधी तीन फेऱ्यांचा हिशोब करू. जाताना साधारण साडेपंधरा तास, येताना वारा पाठीशी असतो म्हणून तास-दीड तास कमी, म्हणजे एक फेरी तीस तासांची. तीन फेऱ्यांचे झाले नव्वद. हे फक्त चाकांचे चोक्स, म्हणजे चाकांना लावलेले अडसर, निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचे तास, त्यात रिपोर्टिंग, ब्रीफिंग, इमिग्रेशन, हॉटेलची बस काही नाही. युरोप-अमेरिकेत २८ दिवसांत १०० तासांच्या वर उडवता येत नाही आणि वर्षाला १००० तासांची मर्यादा आपल्याकडेही आहे. म्हणजे तीन फेऱ्यांतच माणूस तिकडच्या मर्यादेच्या तोंडाशी आला, चौथी केली तर तिकडचा नियम मोडला. एका फेरीत घराबाहेर चार-पाच दिवस जातात, तेव्हा तीन फेऱ्या म्हणजे अर्धा महिना गेला. वर स्टँडबायचे, म्हणजे बोलावलं तर निघायच्या तयारीत राहायचे दिवस, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, मेडिकल. तुम्हाला जे लोळणं दिसतं ते उरलेल्या दिवसांत असतं.

पण खरं सांगायचं तर तासांच्या हिशोबानं कुणी दमत नाही. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, तास मोजतं, झोप मोजत नाही, सगळी गोम तिथे आहे.

आमचे वडील सातपूरला एका कंपनीत होते, तिसरी पाळी लागली की आई खिडकीला जाड चादर लावायची, आम्हाला गल्लीच्या टोकाला खेळायला हाकलायची, भंगारवाल्याला सुद्धा हातानं खूण करून पुढे पाठवायची. तरी वडील अकरा वाजता डोळे लाल करून उठून बसायचे. कागदावर त्यांना सोळा तास सुट्टी होती, झोप मिळायची चार तास. पायलटचं तेच आहे, फक्त पाळी बदलायच्या ऐवजी सूर्यच बदलतो.

आता तुमच्या जावयाची एक रात्र घ्या. समजा विमान रात्री दीडला सुटतंय, बाराला रिपोर्टिंग. हा माणूस सकाळी सातला उठलेला असतो, पोराला शाळेत सोडलेलं असतं, दुपारी झोप काढ म्हणून सगळे सांगतात पण दुपारी झोप ऑर्डर देऊन येत नाही. म्हणजे विमान धावपट्टीवर उभं राहतं तेव्हा तो अठरा-साडेअठरा तास जागा आहे आणि ड्युटीचा दीड तासच झालाय. कागदावर एकदम फ्रेश!

एवढ्या लांब फ्लाईटला चार पायलट असतात, आम्ही दोन सेट म्हणायचो. दोघांच्या क्रूला साधारण आठ-दहा तासांच्या पुढे उडवता येत नाही, अमेरिकेच्या नियमात तिघे असतील तर तेरा आणि चौघे असतील तर सतरा तास. तर साडेपंधरा तासांतला पहिला तास आणि शेवटचा दीड तास बाजूला काढायचा, राहिले तेरा, दोन सेटला साडेसहा-साडेसहा. पहिला सेट अडीचला झोपायला जातो तो नऊला उठतो, दुसरा नऊला जातो तो साडेतीनला उठतो. हे सगळे भारतीय टाईम, कारण शरीर अजून तिथेच असतं. पाचला न्यूयॉर्क, तिथे सकाळचे साडेसात.

गोम बघा. लँडिंग करणाऱ्या सेटला शक्यतो दुसरी विश्रांती देतात, म्हणजे उतरताना ते ताजे. अमेरिकेचा नियमही सांगतो की उतरवणाऱ्याला ड्युटीच्या दुसऱ्या अर्ध्यात सलग दोन तास तरी झोपायला मिळालं पाहिजे. बरोबरच आहे. पण त्यामुळे होतं काय, की रात्री दोन ते सहा ह्या वेळात, जेव्हा शरीराचं तापमान उतरलेलं असतं आणि डोळे आपोआप मिटतात, तेव्हा तोच सेट खुर्चीत बसलेला असतो, आणि त्याला झोपायला पाठवतात ते सकाळी नऊला, जेव्हा शरीर म्हणतं चहा आण. ज्याला झोप येते त्याला जागं ठेवा आणि ज्याची उडाली त्याला झोपवा. ह्यावर कॉकपिटमध्ये रोज पैजा लागतात, कुणाला फर्स्ट रेस्ट पाहिजे कुणाला सेकंड, काही कॅप्टन साडेसहाचे दोन तुकडे करतात. माझं मत विचाराल तर तुकडे करू नयेत, तीन तासात माणूस कुशी बदलण्यातच असतो. पण हे प्रत्येकाचं वेगळं, मला विमानात झोप यायची, माझ्या एका जुन्या को-पायलटला वीस वर्षांत कधीच आली नाही, तो आपला बंकमध्ये पडून छताकडे बघायचा.

बंक म्हणजे काय तेही सांगतो, लोकांना वाटतं फर्स्ट क्लासचा बिछाना. ट्रिपल सेव्हनला पुढच्या दाराजवळ एक साधं कपाटासारखं दार असतं, आत अरुंद पायऱ्या, वर प्रवाशांच्या डोक्यावर दोन गाद्या आणि दोन खुर्च्या. उभं राहता येत नाही. ब्लँकेटच्या वरून पट्टा बांधायचा, कारण धक्के बसले तर छत फुटावर आहे. हवा इतकी कोरडी की दोन तासात नाक आतून सोलल्यासारखं होतं. खाली गॅलीत ट्रॉलीचा ब्रेक सोडल्याचा खटका ऐकू येतो, मग ओव्हनमधल्या जेवणाचा वास वर येतो, कुणाचं तरी लेकरू रडतं. पडल्या पडल्या घड्याळ बघायचं, अजून चार तास, अजून साडेतीन, आता झोपलो तरी तीन मिळतील. परीक्षेच्या आदल्या रात्री जसं होतं ना, अगदी तसं.

आणि समुद्र. मुंबईहून जाताना अटलांटिक येतो तो आयर्लंडच्या पलीकडे, भारतीय वेळेनं सकाळी अकराच्या आसपास, आणि तिकडचा उन्हाळा सोडला तर बाहेर किर्र अंधार. पोटाला माहितीये की सकाळ आहे, खिडकी म्हणते मध्यरात्र. त्या वेळी अमेरिकेतून युरोपकडे जाणाऱ्या विमानांची रांग समोरून येत असते, कारण तिकडून सगळे संध्याकाळी सुटतात, एक हजार फूट वर नाहीतर खाली एकेक दिवा सपकन निघून जातो. किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की रडार संपतं. विमानांवर लक्ष ठेवणारी दोन नियंत्रण केंद्रं, अर्ध्या समुद्राचा ताबा शॅनविककडे, पश्चिमेचा गँडरकडे, मधली वेस ३० अंश पश्चिम रेखांश. आता उपग्रहामुळे पोझिशन आपोआप जाते आणि मेसेज टाईप करून येतात, पण आमच्या तरुणपणी एचएफ म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर ओरडायचं, आणि उत्तर म्हणजे कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज, त्यातून आपलं नाव ओळखायचं. अरबी समुद्रावर मुंबई रेडिओला हाका मारून घसा बसलेले लोक माझ्या पिढीत भरपूर सापडतील.

बघायला काही नसतं असं तुम्ही म्हणता ते खरंय, पण त्यामुळेच ते अवघड आहे. प्रत्येक वेपॉइंटचे, म्हणजे वाटेवरच्या ठरलेल्या बिंदूचे, अक्षांश-रेखांश दोघांनी वेगवेगळे तपासायचे, एकानं वाचून दुसऱ्यानं हो म्हणायचं नाही. पॉइंट ओलांडला की दहाएक मिनिटांनी चार्टवर टिंब काढायचं, खरंच रेषेवर आहोत का. एका आकड्याची चूक झाली तर विमान शांतपणे चुकीच्या दिशेला जात राहतं, कुठे काही वाजत नाही. इंधन मोजायचं, बाहेर उणे साठच्या खाली असेल तर टाकीतल्या इंधनाचं तापमान बघायचं कारण ते उणे ४७ ला गोठायला लागतं. आणि सतत डोक्यात एक प्रश्न, आत्ता इंजिन बंद पडलं तर कुठे? शॅनन, केफ्लाविक, अझोर्समधलं लाजेस, गूज बे, गँडर. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून साठ मिनिटांच्या पलीकडे जायचीच बंदी होती, १९८५ मध्ये १२० मिनिटांची सूट मिळाली, मग १८०, आता ड्रीमलायनरला, म्हणजे बोईंग ७८७ ला, ३३० मिनिटं आहेत. म्हणजे साडेपाच तास एका इंजिनावर. आमच्यात जुना विनोद आहे की एकतर इंजिनं फिरतील नाहीतर पॅसेंजर पोहतील. प्रत्यक्षात ही इंजिनं इतकी भरवशाची झालीत की काळजी इंजिनाची नसते, माणसाचीच असते.

म्हणून माझा स्वतःचा एक नियम होता, समुद्रावर शिरायच्या अर्धा तास आधी आणि नंतर सेट बदलायचा नाही. ज्यानं क्लिअरन्स, म्हणजे समुद्र ओलांडायची परवानगी, घेतली त्यानंच तपासून आत न्यायचं. झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात तयार ताट द्यायचं नाही.

आता झोपतात का? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंकमध्ये झोपणं ही ड्युटी आहे, नाही झोपला तर चूक. दुसरं म्हणजे खुर्चीतच थोडा वेळ डुलकी, एक झोपणार आणि दुसरा पूर्ण जागा, आधी ठरवून, केबिन क्रूला सांगून. कॅनडा आणि युरोपात ह्याला परवानगी आहे, अमेरिकेत नाही. गंमत म्हणजे अभ्यास अमेरिकेच्या नासानंच केला, पॅसिफिकवरच्या फ्लाईटमध्ये पायलटांना चाळीस मिनिटं दिली, झोप लागली सरासरी २६ मिनिटं, आणि तेवढ्यानं ते उतरताना जागे राहिले. ज्यांना दिली नाही त्यांच्या डोळ्यांची झापडं शेवटच्या दीड तासात, अगदी खाली उतरतानाही पडत होती. स्वतःला कळलंही नाही. मला विचाराल तर ठरवून घेतलेली डुलकी चालेल, नकळत लागलेली नको.

पण उठल्यावरचा पाव तास हा खरा धोका. जानेवारी २०११ मध्ये एअर कॅनडाचं विमान टोरांटोहून झुरिकला चाललं होतं, अटलांटिकवर. को-पायलटला चाळीस मिनिटांची डुलकी होती, तो सव्वा तास झोपला. उठल्या उठल्या समोर एक विमान येतंय असं कॅप्टननं सांगितलं, ह्याला आधी शुक्राचा तारा दिसला आणि तेच विमान वाटलं, मग खरं विमान दिसलं ते अंगावर येतंय असं वाटून त्यानं नाक खाली दाबलं. ते विमान हजार फूट खालून आरामात जाणार होतं. मागे पट्टा न लावलेले प्रवासी छताला आदळले, १४ प्रवासी आणि २ क्रू जखमी. आपल्याकडे २०१० चा मंगळूरचा अपघात, १५८ माणसं गेली, चौकशीत कॅप्टन फ्लाईटचा बराच वेळ झोपलेला होता हे आलं, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये घोरणं होतं. झोपला म्हणून अपघात असं मी म्हणणार नाही, इतर कारणंही होती, पण अर्धवट जागा मेंदू चुकीचा निर्णय धरून बसतो, सोडत नाही. म्हणून बंकमधून आलो की मी आधी मागच्या खुर्चीत बसायचो, पंधरा-वीस मिनिटं, तोंड धुवून, कॉफी घेऊन, नुसतं बघायचं आणि ऐकायचं. नंतर मुख्य सीट. तरुण मुलांना हे वेळ वाया घालवणं वाटायचं.

आणि कोण कुठे झोपलंय ह्याचाही फरक पडतो. एअर फ्रान्स ४४७, १ जून २००९, रिओहून पॅरिसला. तीन पायलट होते. कॅप्टन विश्रांतीला गेला, आठेक मिनिटांत ऑटोपायलट सुटला, दोन को-पायलट गोंधळले, कॅप्टन दीड मिनिटात परत आला, पण साडेचार मिनिटांत सगळं संपलं होतं, २२८ माणसं. कॅप्टननं विश्रांती घेतली ही चूक नव्हती, ती घ्यायचीच असते. पण मागे राहिलेल्या दोघांत कोण काय करणार ह्याची स्पष्ट वाटणी करून गेला नव्हता हे चौकशीत आलं. त्यानंतर मी बंकला जाताना अक्षरशः बोट दाखवून सांगायचो, तू हे, तू ते, आणि विमानातल्या रडारवर ढग लाल दिसायला लागले तर मला उठवा, लाजू नका.

न्यूयॉर्कला दोन रात्री हॉटेल, ते तरी छान असेल असं वाटतं ना? शरीराचं घड्याळ रोज साधारण एक तास सरकतं, फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा, म्हणजे ते तिथे जुळायच्या आत परत निघायची वेळ. मी तर तिथे भारताच्याच वेळेवर राहायचो, पडदे ओढून, दुपारी झोपायचं आणि मध्यरात्री उठून रूममध्ये मॅगी. काही जण उत्साहानं फिरायला जातात, पहिली दोन वर्षं मीही गेलो. येताना पूर्वेकडे यायचं असतं, ते अजून वाईट, दिवस छोटा होतो आणि शरीराला छोटा दिवस आवडत नाही.

अजून एक विचित्र गोष्ट, ज्याची बाहेर कुणाला कल्पना नसते. चार पायलट, एक टेकऑफ, एक लँडिंग. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग स्वतःच्या हातानं झाली नाहीत तर तुम्हाला उडवता येत नाही, आणि नव्वद तास हवेत घालवलेल्या माणसाची महिन्यात एखादीच लँडिंग होते. मग सिम्युलेटरमध्ये जाऊन आकडा भरायचा. तुमचा जावई सुट्टीच्या दिवशी सिम्युलेटरला गेला तर ते त्यासाठीही असू शकतं, रागावू नका.

आता माझा किस्सा, जो मी घरीही उशिरा सांगितला. त्या वेळी कंपनीनं उतरल्यावर थेट घरी सोडायची सोय काढून घेतली होती, बेस मुंबई, घर नाशिक, कुणी विचारत नव्हतं तू पुढे कसा जाणार. विमान मुंबईला पहाटे उतरलं, मी पार्किंगमधून गाडी काढली आणि निघालो, घरी जाऊन झोपू म्हणून. शहापूर गेलं ते आठवतंय. कसारा घाट चढायला लागलो ते आठवत नाही. जाग आली ती डाव्या बाजूच्या चाकांखाली खडी करकरली तेव्हा, कठड्यापासून दोन-तीन हात लांब, आणि मागून ट्रकवाला हॉर्न दाबून धरलेला. ज्या माणसानं सकाळी दोन-अडीचशे टनाचं विमान उतरवण्याआधी सगळ्या चेकलिस्ट वाचल्या होत्या, तो कारमध्ये तीन-चार सेकंद मेलेला होता. घाटाच्या वर इगतपुरीला गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून दोन तास झोपलो. त्या दिवशी कायद्यानं मी विश्रांतीवर होतो, बरं का. ड्युटी तर कधीच संपली होती.

त्यानंतर अंधेरीला तिघांत मिळून एक खोली घेतली, आधी तिथे झोपायचं आणि मग संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची. एकदा पंचवटीतही झोप लागली आणि नाशिक रोड गेलं, डायरेक्ट मनमाडला उठलो, बायको स्टेशनवर उभी. पण मनमाड परवडलं, कसारा नाही.

आपल्याकडचे नियम हल्ली सुधारलेत, डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२४ च्या नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांची केली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत नेली. चांगलंच आहे, कंपन्या कुरकुरतात पण चांगलंच आहे. तरी ४८ तासांतले किती झोपेचे हे कुठलाच नियम सांगू शकत नाही, ते घरावर असतं.

म्हणून ताई, तुमच्या हातात बरंच आहे. उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस त्याला लग्नाला, साखरपुड्याला, बँकेत नेऊ नका. बाराला उठला तर उठू दे, तिथे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पहाटे तीनला फ्रीज उघडल्याचा आवाज आला तर चोर नाही, तोच आहे, त्याला डब्यात भाकरी ठेवा. रोस्टर आलं की फ्रीजवर लावायला सांगा, म्हणजे लेकीचे फोन त्याच्या झोपेत जाणार नाहीत. निघायच्या दिवशी दुपारी त्याला खोली द्या, पोरांना बाहेर काढा, पाहुण्यांना नंतर यायला सांगा, आमच्या आईनं केलं तसंच.

काळजी करायची का, तर विमानात असताना नका करू, तिथे चौघे आहेत, एकमेकांवर नजर ठेवून. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो बहुतेक नसणार, ज्युनियरला ती रजा मिळत नाही. पाडव्याला ओवाळायला येणार असेल आणि आदल्या दिवशीच उतरला असेल तर मात्र रेल्वेचं तिकीट तुम्हीच काढून पाठवा, गाडी घेऊन येतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.